ताण, संसार आणि दुरून मिळणारे समुपदेशन



क्रांती चौक हा मोठ्याने बोलण्याचा चौक आहे. १८५७ च्या उठावातील शिपायांना येथल्या काळ्या चबुतऱ्यावर देहदंड झाला, ही आठवण या जागेला चिकटलेली आहे; आणि आजही शहरातील मोर्चा निघावयाचा म्हणजे बहुधा येथूनच निघावयाचा. पगारवाढ, बोनस, कंत्राटी माणसाला कायम करणे, या मागण्या मीही येथे ध्वनिक्षेपकावरून वर्षानुवर्षे मांडल्या आहेत. पण माणसाची काही दुःखे अशी असतात की ती ध्वनिक्षेपकावरून सांगता येत नाहीत, आणि शेजाऱ्याच्या कानातही सांगता येत नाहीत. नवराबायकोचा बेबनाव, रात्र रात्र झोप न लागणे, मुलावर विनाकारण हात उगारला जाणे, कामावर जाताना छातीत धडधडणे, ही ती दुःखे होत. अशा दुःखांसाठी फोनवरून किंवा पडद्यावरून शिकलेल्या माणसाचा सल्ला मिळण्याची सोय आता झाली आहे. ती काय आहे, तिच्यावर किती विसंबावे आणि कोठे विसंबू नये, एवढेच आज समजावून सांगावयाचे आहे.

प्रथम एक साधी गोष्ट पाहा. कामगार रजेचा अर्ज भरतो तेव्हा त्यात 'कारण' म्हणून एक रकाना असतो. त्या रकान्यात लोक काय लिहितात? ताप, पोटदुखी, गावी लग्न, आजोबांचे निधन. 'बायको माहेरी निघून गेली आणि मला आठ दिवस झोप नाही' असे लिहिलेला अर्ज माझ्या हाती आजवर आला नाही. परंतु वाळूज किंवा चिकलठाण्याच्या वसाहतीतून आमच्या कचेरीत गैरहजेरीची जी नोटिसांची प्रकरणे येतात, त्यांतील कितीतरी प्रकरणांचे मूळ त्या न लिहिलेल्या वाक्यात असते. माणूस खोटे बोलतो असे नव्हे. खरे लिहिले तर 'हा डोक्याने कमजोर' असा शिक्का बसेल, ठेकेदार उद्या गेटवर उभा करणार नाही, आणि बिरादरीत मुलीचे लग्न अडेल, ही भीती त्याला असते.

ही भीती किती महाग पडते ते सरकारी आकडेच सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या अहवालाप्रमाणे त्या वर्षी देशात १,७०,९२४ माणसांनी आपला जीव आपल्या हाताने संपविला. त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्व राज्यांत मोठा, म्हणजे २२,७४६ होता. मृतांपैकी २६.४ टक्के माणसे रोजंदारीवर पोट भरणारी होती. आणि कारणांच्या यादीत पहिले कारण कोणते? कौटुंबिक अडचणी, ३१.७ टक्के. आजारपण त्याखाली आहे. म्हणजे घरचे भांडण ही 'घरातली बाब' आहे असे म्हणून आपण जी बाजूला सारतो, ती माणसाचा जीव घेणाऱ्या कारणांत सर्वांत वर बसलेली आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत शंभर प्रौढ माणसांत सुमारे दहा-अकरा जणांना कोणता ना कोणता मनोविकार आढळला, आणि त्यांतील बहुसंख्यांना उपचार मिळत नव्हते असेही दिसून आले. देशात मनोविकारतज्ज्ञांची संख्या लाख लोकवस्तीमागे एकही पुरी भरत नाही, तेव्हा उपचार मिळणार कोठून?

समुपदेशन म्हणजे काय

सल्ला तर आपल्याकडे फुकट आणि पोत्याने मिळतो. मामा देतात, सासरे देतात, चहाच्या टपरीवरचे चार जण देतात. मग समुपदेशकाने वेगळे काय द्यावयाचे? पहिली गोष्ट अशी की, समुपदेशक तुमच्या भांडणात पक्षकार नसतो. मामांना घराण्याची अब्रू सांभाळावयाची असते, सासऱ्यांना मुलगी नांदवावयाची असते. समुपदेशकाला तुमच्या घरातून काहीच न्यावयाचे नसते. दुसरी गोष्ट अशी की, तो 'अमुक कर' असा हुकूम देत नाही. घटस्फोट घ्या किंवा घेऊ नका, हे सांगणे त्याचे काम नव्हे. तुमच्या मनात काय चालले आहे ते तुमच्या तोंडून बाहेर काढणे, त्यातला गुंता सोडविणे आणि निर्णय तुम्हांला घेता येईल अशा अवस्थेला तुम्हांला आणणे, हे त्याचे काम.

हे कसे होते त्याचे एक उदाहरण देतो. अल्बर्ट एलिस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास एक पद्धत मांडली. तिचे सार असे की, घटना आणि आपली भावना यांच्यामध्ये एक तिसरी वस्तू असते, ती म्हणजे त्या घटनेविषयी आपल्या मनात पक्का बसलेला विचार. सुपरवायझर चार लोकांसमोर ओरडला, ही घटना झाली. घरी येऊन मुलाला मारले, हा परिणाम झाला. मधला विचार कोणता? 'चार लोकांत माझी शोभा झाली, आता माझी किंमत शून्य झाली.' समुपदेशक या मधल्या विचारावर बोट ठेवतो. ओरडणे वाईट हे खरे; पण त्याने तुमची किंमत शून्य कशी झाली? वीस वर्षांचे तुमचे कसब कोठे गेले? असे प्रश्न विचारत विचारत तो विचार सैल करतो, आणि हात मुलावर उठण्याआधी थांबावयास शिकवितो. यात जादू नाही. लेथवर हात बसावयास जशी सवय लागते, तशीच यालाही लागते.

येथे संघटनेचा माणूस म्हणून एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. सुपरवायझरच्या ओरडण्याचा बंदोबस्त करणे हे समुपदेशकाचे काम नाही, ते संघटनेचे आहे. बारा तासांची पाळी, थकलेला पगार, जिन्याखाली झोपावयास लागणे, यांमुळे आलेला ताण माणसाच्या विचारातून आलेला नसतो. तो पगारपत्रकातून आणि हजेरीपटातून आलेला असतो. त्यावर कोणी 'मन शांत ठेवा' एवढेच सांगत असेल, तर तो मालकाचे काम करीत आहे असे समजावे. परंतु संप जिंकला, पगार वाढला, तरी घरातला अबोला आपोआप मोडत नाही, हेही तितकेच खरे आहे. दोन दुखण्यांना दोन औषधे लागतात.

पत्र, फोन आणि पडदा

दुरून सल्ला घेणे ही गोष्ट आपल्याला वाटते तितकी नवी नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले आणि १९५३ साली आपल्या मृत्यूपर्यंत ते चालविले. उघडपणे कोणाशी बोलता येणार नाहीत असे संसारातले प्रश्न वाचक त्यांना लिहून विचारीत आणि कर्वे त्यांची छापून उत्तरे देत. पत्राला चेहरा नसतो, म्हणून लाज आड येत नसे. त्याच १९५३ साली, नोव्हेंबर महिन्यात, लंडनमध्ये चॅड वारा या पाद्र्याने आपल्या चर्चमधील एक फोन निराश माणसांसाठी खुला केला. त्यातूनच 'समॅरिटन्स' ही संस्था उभी राहिली. आपल्याकडे ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेने मानसिक आरोग्य हा विषय सामान्य माणसाच्या मराठीत आणला. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ साली 'आयकॉल' ही फोनवरील समुपदेशनाची सेवा काढली. करोनाच्या २०२० सालच्या टाळेबंदीत तर समोर बसणेच बंद झाले, आणि त्याच मार्च महिन्यात केंद्र सरकारने डॉक्टरांनी दुरून सल्ला कसा द्यावा याचे नियम प्रसिद्ध केले. तेव्हापासून ही रीत रुळली.

गोव्यातील एक प्रयोग येथे मुद्दाम सांगण्यासारखा आहे. तेथील 'संगथ' ही संस्था १९९६ पासून काम करते. तिने सरकारी दवाखान्यांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, परंतु रीतसर शिकविलेल्या आणि वरचेवर देखरेख असलेल्या माणसांकडून समुपदेशन करविले. त्याचा निष्कर्ष २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या खिन्नतेच्या व चिंतेच्या रुग्णांना त्याचा निश्चित लाभ झाला. यावरून दोन गोष्टी कळतात. साध्या माणसालाही हे काम शिकविता येते; पण शिकविल्याशिवाय आणि देखरेखीशिवाय ते करू देऊ नये.

प्रत्यक्षात काय घडते

ऑनलाइन बैठक साधारणपणे पाऊण तासाची असते. पहिल्या बैठकीत तुमचे नाव, वय, सध्या कोठून बोलत आहात आणि अडचण पडली तर जवळच्या कोणाला कळवावे, हे विचारले जाते. यात संशय घेण्यासारखे काही नाही. माणूस दूर आहे. बोलता बोलता त्याची अवस्था बिघडली तर मदत कोठे धाडावयाची हे समुपदेशकाला ठाऊक असावे लागते. पुढे आठवड्याला एक याप्रमाणे काही बैठका होतात. मध्यंतरी करावयाला काही काम दिले जाते: झोपेची वेळ लिहिणे, राग आला तेव्हा मनात काय आले ते लिहिणे, दिवसातून दहा मिनिटे बायकोचे बोलणे मध्येच न तोडता ऐकणे. हे काम केले नाही तर बैठकांचा उपयोग थोडा.

दुरून बोलण्याचा एक मोठा फायदा संसाराच्या भांडणात दिसतो. आपल्या शहरात नवरा वाळूजला खोली करून राहतो आणि बायको बीड किंवा जालना जिल्ह्यातील गावी सासूजवळ राहते, अशी घरे थोडी नाहीत. दोघांना एका जागी बसवावयाचे म्हणजे एकाची हजेरी बुडणार आणि एसटीचे भाडे जाणार. पडद्यावर दोघे आपापल्या जागी बसून तिसऱ्या माणसादेखत बोलू शकतात. सिडकोतील आईबाप आणि अमेरिकेतील मुलगा यांचेही तसेच. मात्र तेथे एक कायद्याची मेख आहे. अमेरिकेत अशा उपचारकाला परवाना राज्यागणिक मिळतो, आणि समोरचा माणूस ज्या राज्यात असेल तेथील परवाना बहुधा लागतो. म्हणून येथला समुपदेशक तेथल्या मुलाला वाटेल तसा घेऊ शकेलच असे नाही. ते आधी विचारून घ्यावे.

गैरसोय कोणती? जागेची. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे असतात, तेथे खाजगी बोलावयाचे कोठे? लोक गच्चीवर जातात, उद्यानातल्या बाकावर बसतात. बायकांची अडचण याहून मोठी. फोन नवऱ्याच्या नावचा, आणि कोणाला फोन केला हे त्यात दिसते. माझी सूचना अशी आहे की प्रत्येक संघटनेच्या कचेरीत, वाचनालयात आणि महिला मंडळात दार बंद होईल अशी एक खोली आठवड्यातून काही तास यासाठी मोकळी ठेवावी. खर्च एका खुर्चीचा आहे.

परवाना कोणाजवळ

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. पडद्यावर समोर दिसणारा मनुष्य खरोखर शिकलेला आहे हे कसे ओळखावे? आपल्याकडे तीन प्रकारची माणसे या क्षेत्रात आहेत. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. वैद्यकीय परिषदेत त्याची नोंद असते, तो औषध लिहून देऊ शकतो, आणि दुरून दिलेल्या चिठ्ठीवरही त्याने आपला नोंदणी क्रमांक घालावयाचा असतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. त्याची नोंद १९९२ च्या कायद्याखालील भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. तिसरा समुपदेशक. अमेरिकेतल्यासारखा स्वतंत्र परवाना आपल्याकडे समुपदेशकांना पूर्वी नव्हताच. २०२१ च्या आरोग्यसेवा-व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने मानसिक आरोग्याच्या समुपदेशकांना प्रथमच कायद्याच्या चौकटीत घेतले. तेव्हा समुपदेशकाला त्याचे शिक्षण कोठे झाले, नोंदणी आहे काय, आणि अवघड प्रकरणात तो कोणा वरिष्ठाचा सल्ला घेतो, हे बेधडक विचारावे. वायरमनचे लायसन्स आपण पाहतो. मनाच्या तारांना हात लावणाऱ्याचे का पाहू नये? विचारल्याचा ज्याला राग येतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

हल्ली यंत्रच उत्तरे देते, असेही पुष्कळांना सापडले आहे. १९६६ साली जोसेफ वायझेनबाऊम या शास्त्रज्ञाने 'एलायझा' नावाचा संवाद करणारा प्रोग्राम प्रसिद्ध केला. तो फक्त आपलेच वाक्य प्रश्न करून परत देई. तरीही त्याच्या स्वतःच्या सेक्रेटरीने त्याला खोलीबाहेर जावयास सांगितले, कारण तिला यंत्राशी एकांतात बोलावयाचे होते! बोलण्याची भूक एवढी मोठी असते. परंतु यंत्राच्या नावाची कोणत्याही परिषदेत नोंद नाही, आणि चूक झाली तर तक्रार कोणाविरुद्ध करावयाची याचा पत्ता लागत नाही.

गुपित राहील काय

कामगाराचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि तो रास्त आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो २०१८ साली अमलात आला, मनोरुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिला आहे. त्याच कायद्याने विमा कंपन्यांना शरीराच्या आजाराप्रमाणेच मनाच्या आजाराचीही सोय करण्यास बांधून घेतले आहे. जीव देण्याचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असेच धरून चालावे, त्याला शिक्षा करू नये, असेही तो कायदा म्हणतो. गुप्ततेला अपवाद थोडे आहेत: कोणाच्या जिवाला धोका असेल तेव्हा, लहान मुलावर अत्याचार होत असेल तेव्हा, किंवा न्यायालयाने मागितले तेव्हा. चांगला समुपदेशक हे अपवाद पहिल्याच दिवशी सांगतो.

पण कागदावरची गुप्तता आणि धंद्यातली गुप्तता यांत अंतर पडू शकते. अमेरिकेतील 'बेटरहेल्प' या ऑनलाइन समुपदेशनाच्या मोठ्या कंपनीने ग्राहकांची माहिती जाहिरातीसाठी फेसबुक वगैरे कंपन्यांना दिली, असा ठपका तेथील संघीय व्यापार आयोगाने ठेवला आणि २०२३ साली तिला ७८ लाख डॉलर भरावे लागले. 'माहिती गुप्त राहील' असे वचन त्या कंपनीने दिलेलेच होते. म्हणून पैसे घेणाऱ्या कोणत्याही सेवेला, माझी माहिती कोठे साठविता आणि कोणाला देता, हे विचारावे.

आपल्याकडे काही कारखाने बाहेरच्या कंपनीमार्फत कामगारांना समुपदेशन देऊ लागले आहेत. सोय म्हणून ती चांगली आहे. परंतु करारात एक कलम असलेच पाहिजे: व्यवस्थापनाला किती जणांनी सेवा घेतली एवढाच आकडा कळेल, नाव कळणार नाही, आणि तेथे बोललेले एक अक्षरही खातेनिहाय चौकशीत किंवा बढतीच्या वेळी वापरले जाणार नाही. ते कलम नसेल तर कामगार तेथे तोंड उघडणार नाही, आणि सोय कागदावर राहील. वेतनकराराच्या मसुद्यात हे कलम घालणे हे आता कामगार संघटनांचे कर्तव्य आहे.

पैसा नसेल तर

खाजगी समुपदेशकाची फी रोजंदारीच्या माणसाला झेपणारी नसते. त्यासाठी केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेलीमानस' ही सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६. चोवीस तास चालते, पैसा पडत नाही, मराठीसह वीस भाषांत बोलता येते. साधा बटणांचा फोनही पुरतो. प्रथम शिकविलेला समुपदेशक बोलतो. प्रकरण अवघड असेल तर तो मानसशास्त्रज्ञाकडे किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे देतो, आणि जवळच्या सरकारी दवाखान्याचीही वाट दाखवितो. देशभर हिची पन्नासहून अधिक केंद्रे आहेत आणि २०२५ च्या मध्यापर्यंत वीस लाखांहून अधिक लोकांचे फोन तिने घेतले. आपल्या शहरात घाटी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. समोरासमोर दाखवावयाचे असेल त्याने तेथे जावे.

आणि काही दुखणी फोनवर सोडून भागत नाहीत. भास होत असतील, माणूस खाणेपिणे सोडून बसला असेल, किंवा जीव देण्याची भाषा करीत असेल, तर १४४१६ लावावा, पण त्याला एकटे सोडू नये आणि दवाखान्यात घेऊन जावे. बाईला घरात मारहाण होत असेल तर 'दोघांनी समजुतीने घ्या' हे समुपदेशन नव्हे. तेथे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील संरक्षण अधिकारी, १८१ हा महिलांचा क्रमांक आणि तातडीचा ११२ आहे. आधी मार थांबला पाहिजे, मग बोलणे.

शेवटी इतकेच. यंत्रात हात सापडला तर आपण त्या कामगाराला 'हिंमत धर' म्हणून घरी पाठवीत नाही. त्याला उचलून दवाखान्यात नेतो आणि नुकसानभरपाईचा अर्जही करतो. मन सापडले असेल तरी न्याय तोच असावा. आमच्या गिरणी-कारखान्यांच्या पिढीने आठ तासांची पाळी, भरपगारी रजा आणि विम्याचा दवाखाना भांडून मिळविला. कोणालाही न घाबरता आपले दुःख शिकलेल्या माणसाजवळ बोलता येणे, हाही त्याच यादीतला हक्क आहे. १४४१६ हा आकडा घरी गेल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. तुम्हांला लागला नाही तर उत्तमच. पण शेजारच्या खोलीत कोणाला तरी तो आज रात्री लागणार आहे.